पहिल्यांदा रिव्हर क्रूझला निघताना: नदी निवडण्यापासून जहाजावरून उतरण्यापर्यंत

रिव्हर क्रूझचं बुकिंग बहुतेक जण उलट्या क्रमाने करतात. आधी जहाजाचे चकचकीत फोटो बघतात, मग केबिन ठरते, तेवढ्यात सवलतीची शेवटची तारीख जवळ येते आणि नकाशा उघडला जातो तो पैसे भरून झाल्यावर. माझं आग्रहाचं सांगणं आहे की नकाशा सगळ्यात आधी उघडा. नदी कोणती, तिचा कोणता टप्पा, कोणता महिना आणि त्यातला किती प्रवास दिवसाउजेडी होणार, एवढं ठरलं की जहाज निवडणं सोपं जातं. वेळापत्रक कंपनी छापत असली तरी ते पाळलं जाणार की नाही, हे शेवटी नदीच्या पाण्यावर ठरतं.

समुद्रावरच्या क्रूझची कल्पना बाजूला ठेवा

युरोपातल्या नद्यांवरची बहुतेक क्रूझ जहाजं ११० किंवा १३५ मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद असतात. ही रुंदी ठरली ती लॉकमुळे. नदीवर बांध घातला की वरच्या आणि खालच्या पाण्याची पातळी वेगळी होते. जहाजाला एका पातळीवरून दुसरीवर नेण्यासाठी दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद बांधतात, तो लॉक. जहाज आत शिरतं, मागचं दार बंद होतं, पाणी भरतात किंवा सोडतात आणि पुढचं दार उघडतं. माइन नदीवरची आणि ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक १२ मीटर रुंद आहेत, म्हणून जहाजं त्याहून किंचित अरुंद.

अशा जहाजात साधारण शंभर ते एकशे नव्वद प्रवासी मावतात. मोठं नाट्यगृह, कॅसिनो, पाण्याच्या घसरगुंड्या यांना जागाच नसते. एक जेवणघर, एक लाउंज, वरती मोकळा सनडेक, फार तर छोटासा पोहण्याचा हौद. संध्याकाळी लाउंजमध्ये एखादा वादक, एखादं व्याख्यान, गप्पा. रात्री उशिरापर्यंत धमाल हवी असेल किंवा बरोबर लहान मुलं असतील, तर मुलांसाठी खास आखलेल्या मोजक्या सहली सोडून मी हा प्रवास सुचवणार नाही. पण ज्यांना गावं बघायची आहेत, रोज बॅग भरायचा कंटाळा आहे आणि खिडकीतून सतत काठ दिसायला हवा आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली सहल मला माहीत नाही. बोट लागण्याची भीतीही जवळपास नसते, कारण नदीत समुद्रासारख्या लाटा उठत नाहीत.

पहिली पायरी: नदी आणि तिचा टप्पा

पहिल्या वेळी सात रात्री पुरे. मला विचाराल तर सुरुवात डॅन्यूबच्या वरच्या टप्प्यापासून करावी: पासाउ ते बुडापेस्ट. पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्त्स या तीन नद्या एकत्र येतात. तिथून लिंत्स, मेल्कचा मठ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा असं करत जहाज बुडापेस्टला पोहोचतं. मोठी शहरं आणि छोटी गावं यांचं प्रमाण इथे चांगलं जमतं. मेल्क आणि क्रेम्स यांच्यामधली सुमारे ३५ किलोमीटरची वाखाउ दरी २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. उतारावरच्या द्राक्षबागा थेट काठापर्यंत आलेल्या दिसतात.

दुसरा सोपा पर्याय ऱ्हाइन, अ‍ॅमस्टरडॅम ते बाझल किंवा उलट. तिचा गाभा म्हणजे रुडेसहाइम ते कोब्लेन्झ हा सुमारे ६५ किलोमीटरचा दरीतला पट्टा. तोही २००२ पासून वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना टेकड्या, टेकड्यांवर किल्ले आणि मध्येच १३२ मीटर उंचीचा लोरेलाय खडक. इथे दिशा महत्त्वाची आहे. बाझलकडे जाताना जहाज प्रवाहाविरुद्ध जातं, म्हणून हळू जातं आणि किल्ले बघायला जास्त वेळ मिळतो.

अ‍ॅमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी दोन आठवड्यांची सहल फार लोकप्रिय आहे. ऱ्हाइन, माइन, मग १९९२ मध्ये पूर्ण झालेला १७१ किलोमीटरचा कालवा आणि पुढे डॅन्यूब, असा तो मार्ग. वाटेत साठाहून जास्त लॉक लागतात. नदीप्रवासाची गोडी एकदा लागली की हा मार्ग अतिशय सुंदर वाटतो. पहिल्याच वेळी माइन आणि कालव्यावरचे दिवस संथ वाटण्याची शक्यता आहे. शिवाय तिथले पूल इतके ठेंगणे आहेत की सनडेकच्या खुर्च्या आणि कठडे आडवे करून डेक बराच वेळ बंद ठेवतात. कप्तानाची काचेची खोलीसुद्धा खाली उतरवतात.

दोउरोवर, म्हणजे पोर्तुगालमध्ये, क्रूझ जहाजं रात्री चालत नाहीत. याचा मोठा फायदा असा की जो काही प्रवास होतो तो सगळा डोळ्यांसमोर होतो. तिथलं कारापातेलोचं लॉक जहाजाला सुमारे ३५ मीटर वर किंवा खाली नेतं. फ्रान्समधली सीन शांत आहे आणि पॅरिसमुळे सोयीची.

नाईलचा स्वभाव अगदी वेगळा. लक्सर ते अस्वान हा टप्पा लहान आहे, तीन किंवा चार रात्रींचा, आणि तिथे जाण्याचं कारण देवळं: एडफू, कोम ओम्बो, फिली. कोम ओम्बोचं देऊळ तर धक्क्यावरून चालत जाण्याइतकं जवळ. अबू सिंबेल मात्र जहाजाच्या वाटेवर नाही. अस्वानहून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर जावं लागतं आणि पहाटे निघावं लागतं. लोक ते गृहीत धरतात आणि मग जादा पैसे भरताना नाराज होतात.

मेकाँग, अ‍ॅमेझॉन, यांगत्से, ब्रह्मपुत्रा या नद्यांवर निसर्ग आणि काठावरचं जगणं जास्त दिसतं, पण गरमी, डास आणि लहान बोटीतून काठावर उतरणं याची तयारी हवी. मला वाटतं त्या दुसऱ्या सहलीसाठी राखून ठेवाव्यात.

दुसरी पायरी: वेळापत्रक घड्याळ समोर ठेवून वाचा

ही पायरी सगळेच गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो. माहितीपत्रकात 'दिवस चौथा: वाखाउ दरी' एवढंच लिहिलेलं असतं. तुम्ही विचारायचं ते असं: जहाज मेल्कहून किती वाजता सुटतं आणि क्रेम्सला किती वाजता पोहोचतं? नदीवरचा बराच प्रवास रात्री होतो, कारण दिवस शहरांसाठी राखलेले असतात. ज्या दरीसाठी तुम्ही हा मार्ग निवडला, ती तुम्ही झोपेत असताना मागे पडणार असेल तर दुसरी सहल निवडा. शरद ऋतूत आणि डिसेंबरमध्ये तर हे विचारायलाच हवं, कारण तिथे दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडतो.

दुसरा प्रश्न धक्क्याचा. बुडापेस्ट, कोलोन, ब्रातिस्लाव्हा इथे जहाज बहुधा शहराच्या मध्यालाच लागतं. उतरलं की गाव. व्हिएन्नात बहुतेक जहाजं मोठ्या डॅन्यूबवर थांबतात आणि जुनं शहर तिथून मेट्रोने गाठावं लागतं. न्यूरेंबर्गचा धक्का कालव्यावर, जुन्या गावापासून दूर आहे. स्ट्रासबर्गसाठी काही जहाजं नदीपलीकडे, जर्मनीतल्या केलला लागतात.

आणि तिसरी गोष्ट, नावाची. 'प्राग ते बुडापेस्ट' असं लिहिलं असलं तरी डॅन्यूब प्रागला जातच नाही. अशा सहलीत प्रागमध्ये हॉटेल असतं आणि तिथून काही तास बसने येऊन जहाज पकडायचं असतं. 'पंधरा दिवस' दिसले तर त्यातल्या जहाजावरच्या रात्री किती, त्या मोजा.

तिसरी पायरी: महिना, म्हणजेच पाणी

उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत ऱ्हाइन व डॅन्यूबचं पाणी उतरतं. क्रूझ जहाजाचा तळ पाण्यात सुमारे दीड मीटर असतो, त्यामुळे उथळ जागी ते अडकतं. ऱ्हाइनवर काउबजवळ आणि डॅन्यूबवर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या बांध नसलेल्या पट्ट्यात ही अडचण नेहमीची. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ऱ्हाइनचं पाणी फार खाली गेलं होतं. उलट वसंतात बर्फ वितळून आणि मोठ्या पावसात कधीही पाणी वाढतं, मग पुलाखालून जाण्याइतकी उंचीच उरत नाही. २०१३ च्या जूनमध्ये पासाउचं जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं. जर्मनीतल्या एल्ब नदीचं तर नावच उथळ पाण्यासाठी घेतलं जातं.

असं झालं तर कंपनी काय करते? एक तर अडलेल्या पट्ट्याच्या पलीकडे तिचंच दुसरं जहाज उभं असतं. तुम्ही बॅग भरता, बसने तिथे जाता आणि तशाच केबिनमध्ये राहता. नाहीतर जहाज एका जागी उभं राहून हॉटेल बनतं आणि गावं बसने दाखवली जातात. बहुतेक करारांत असा बदल करण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो आणि परतावा मिळेलच असं नसतं. म्हणून सही करण्याआधी तेवढं कलम वाचा आणि प्रवासविमा घेताना 'पाणीपातळीमुळे मार्ग बदलला तर भरपाई आहे का' असं स्पष्ट विचारा, उत्तर लेखी घ्या.

पाण्याची काळजी नकोच असेल तर सीन आणि दोउरोसारख्या बांध-लॉकनी नियंत्रित नद्या तुलनेने भरवशाच्या. डॅन्यूब-ऱ्हाइनसाठी मला मेचा उत्तरार्ध ते जून आवडतो. दिवस मोठा असतो आणि टेकड्या हिरव्या असतात. ट्युलिप बघायचे तर नेदरलँड्सच्या जलमार्गांवर एप्रिल. नाताळबाजारांसाठी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते २३ डिसेंबरच्या आसपास; थंडी कडक असते, पण संध्याकाळी धक्क्यावरून उतरून थेट दिव्यांच्या बाजारात शिरण्यात वेगळीच मजा आहे. नाईलला ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात लक्सर-अस्वानला पारा चाळीस अंशांच्या वर जातो.

चौथी पायरी: केबिन

सगळ्यात खालच्या डेकवरच्या केबिनला वरच्या बाजूला एक छोटी, न उघडणारी खिडकी असते. बाहेर बघितलं की पाणी जवळजवळ नजरेच्या रेषेत. ती सगळ्यात स्वस्त. वरच्या दोन डेकवर बहुधा फ्रेंच बाल्कनी मिळते, म्हणजे सरकणारं काचेचं दार आणि त्याला लागून कठडा. तिच्यात उभं राहून वारा घेता येतो, खुर्ची टाकून बसता येत नाही. दिवसभर गावात आणि सनडेकवर असणाऱ्याला खालची केबिन पुरते, आणि वाचलेल्या पैशात काठावरची एखादी चांगली सहल जोडता येते. पण पहाटे अंथरुणातूनच नदी बघायची इच्छा असेल तर मधला डेक घ्या.

डेकपेक्षाही केबिनची जागा महत्त्वाची. मागच्या टोकाला इंजिनाची घरघर रात्रभर ऐकू येते. पुढच्या टोकाला थ्रस्टर असतो, जहाज आडवं सरकवणारं यंत्र. लॉकमध्ये शिरताना आणि धक्क्याला लागताना तो रात्री केव्हाही गुरगुरतो. झोप हलकी असेल तर मधली केबिन मागा.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. गर्दीच्या धक्क्यांवर जहाजं एकाला एक लावून उभी करतात. मग बाल्कनीचा पडदा उघडला की समोर, हाताच्या अंतरावर, दुसऱ्या जहाजाची खिडकी. नाईलवर हे जवळपास रोजचं आहे, आणि काठावर जायला दोन-तीन जहाजांच्या लॉबीतून चालत जावं लागतं. महागड्या केबिनलाही यातून सुटका नाही.

गुडघे दुखत असतील तर लिफ्टची चौकशी करा. असली तरी ती पुष्कळदा सगळ्यात खालच्या डेकपर्यंत किंवा सनडेकपर्यंत जात नाही. त्यातून काठावर फरसबंदी गल्ल्या आणि पाणी उतरलं की तीव्र उताराच्या फळ्या. काठावरच्या सहलींमध्ये हळू चालणाऱ्यांचा वेगळा गट असतो का, हेही विचारून घ्या.

पाचवी पायरी: भाड्यात काय, वर काय

जेवण बहुतेक सगळीकडे धरलेलं असतं. वाइन-बिअर फक्त जेवणाबरोबर की दिवसभर, काठावरची रोजची एक सहल फुकट की प्रत्येक सहलीचे पैसे, विमानतळापासून ने-आण, बंदराचे कर, कर्मचाऱ्यांची टिप, इंटरनेट, या गोष्टी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. दोन क्रूझची तुलना करताना या सगळ्याची बेरीज मांडा, कारण स्वस्त दिसणारी क्रूझ शेवटी महाग पडू शकते. एकट्याने जाणाऱ्यांना अनेकदा जवळपास दोघांचं भाडं द्यावं लागतं. एकट्यासाठीच्या केबिन मोजक्या असतात आणि लवकर संपतात. पथ्य असेल किंवा शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, जहाजावर चढल्यावर नव्हे. स्वयंपाकघर छोटं असतं आणि सामान ठरावीक बंदरांवरच भरलं जातं.

सहावी पायरी: कागद, औषधं, सामान

व्हिसा नदीच्या पूर्ण मार्गाप्रमाणे बघा. डॅन्यूब १० देशांतून जाते. रुमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे आले आहेत, सर्बिया मात्र बाहेर आहे. म्हणजे बुडापेस्टच्या खाली बेलग्रेडपर्यंत जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये यायचं असेल, तर शेंगेन व्हिसा लागणाऱ्यांनी एकाहून जास्त प्रवेशाचा घ्यावा आणि सर्बियाचा नियम वेगळा तपासावा. बऱ्याच जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनवर जमा करून घेतात. घाबरू नका, पण त्याची प्रत आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

नदीवरच्या बहुतेक जहाजांवर डॉक्टर नसतो. गाव जवळ असतं म्हणून गरज पडली तर काठावरच्या दवाखान्यात नेतात. रोजची औषधं पूर्ण सहलीला पुरून उरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

कपड्यांचा बाऊ करू नका. कोट-टाय लागत नाही. रात्रीच्या जेवणाला एक नीटनेटका जोड पुरतो. लागतात ते पायाला सरावलेले, न घसरणारे बूट. नवे बूट घेतले असतील तर निघण्याआधी महिनाभर रोज घाला. सनडेकवर चालत्या जहाजाचा वारा मे महिन्यातही बोचतो, म्हणून एक वाराबंद जाकीट आणि कानटोपी. कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅग बरी, ती पलंगाखाली सरकते.

सातवी पायरी: जहाजावर आल्यावर

पहिल्या दिवशी सुरक्षेची तालीम असते, ती मनापासून करा. बाहेर जाताना केबिनचं कार्ड नोंदवायचं किंवा फलकावरचा बिल्ला उचलायचा आणि आल्यावर परत लावायचा. त्यावरूनच कोण परतलं नाही हे कळतं. रोज संध्याकाळी उद्याचा कार्यक्रम सांगतात आणि कागद केबिनमध्ये येतो. त्यावरचा धक्क्याचा पत्ता आणि जहाजाचा फोन नंबर खिशात घेऊनच उतरा, कारण कधीकधी तुम्ही गावात असताना जहाज धक्का बदलतं. आणि चुकलंच जहाज, तर समुद्रासारखं संकट ओढवत नाही. त्यांना फोन करा आणि रेल्वेने किंवा टॅक्सीने पुढचं गाव गाठा.

काठावरच्या सगळ्या सहलींना गेलंच पाहिजे असं नाही. आठवड्यातली एखादी दुपार सनडेकवर काढा. ऱ्हाइनच्या काठावर किलोमीटरचे फलक आहेत, कोन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले. नकाशावर लोरेलाय ५५५ च्या आसपास सापडतो आणि तुम्ही इतरांच्या आधी कॅमेरा काढून तयार असता. डॅन्यूबवर मोजणी उलटी, काळ्या समुद्राकडच्या मुखापासून वरच्या दिशेने.

आणि एका तरी रात्री लॉकसाठी जागे राहा. आधी इंजिनाचा सूर उतरतो. मग खिडकीबाहेर ओली, शेवाळलेली काँक्रीटची भिंत येते, इतकी जवळ की हात लावावासा वाटतो (लावू नका). माइनवर दोन्ही बाजूंना जेमतेम तीस सेंटिमीटर उरतात. वर डेकवर कप्तान काचेच्या खोलीतून बाहेर येऊन जहाजाच्या कडेच्या छोट्या नियंत्रण-पटलाशी उभा असतो, मान खाली, नजर भिंत आणि जहाज यांच्यामधल्या फटीवर. खलाशी दोर खांबाला अडकवतो, पाणी सुटतं आणि भिंत हळूहळू वर चढू लागते. दहा-पंधरा मिनिटांनी पुढचं दार उघडतं.

शेवटचा दिवस

आदल्या रात्री हिशेब चुकता करा, टिप द्या, पासपोर्ट परत घ्या. सकाळी ठरल्या वेळी बॅग केबिनबाहेर ठेवायची असते आणि आठ-नऊपर्यंत केबिन सोडावी लागते, कारण दुपारी नवे प्रवासी येतात. विमान दुपारनंतरचंच घ्या. पाण्यामुळे जहाज ठरलेल्या शहराऐवजी अलीकडे थांबलं तर उरलेलं अंतर बसने काटायचं असतं, आणि सकाळच्या विमानाला तेवढी सवड नसते. याच कारणाने जातानाही जहाज सुटण्याच्या एक दिवस आधी पोहोचा. विमानाला संध्याकाळपर्यंत वेळ असेल तर बॅगा रिसेप्शनजवळ ठेवू देतात का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बऱ्याच जहाजांवर दुपारपर्यंत ठेवू देतात.